साथीदाराची विद्या : देवगिरीचा ग्रंथ, स्टील गिटार आणि बीडचा मृदंग



पत्रिकेवर 'स्टील गिटार' हा शब्द वाचून तुमच्यातल्या काही मंडळींना नवल वाटलं असेल. मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या या गावात हवाई बेटांवरचं वाद्य कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्ही आधीच देऊन टाकतो. आम्हाला आज इतिहास सांगायचा आहे तो साथीदाराचा. गाणारा पुढं बसतो, त्याचं नाव छापलं जातं. त्याच्या शेजारी किंवा मागं बसून जो वाजवतो, त्याच्यावर त्याचं घर चालतं, तो माणूस आपलं काम शिकतो कुठं? कुणाकडून शिकतो? आणि ते शिकण्याचं ठिकाणच नाहीसं झालं, तर काय होतं? स्टील गिटार आम्ही निवडली ती एवढ्यासाठी, की या प्रश्नाची सगळी बाजू या एका वाद्याच्या कहाणीत फार स्पष्ट दिसते. आणि ती कहाणी आपल्या मराठवाड्यातूनच सुरू करता येते.

चला तर मग, आधी देवगिरीला जाऊ.

तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. देवगिरीच्या गादीवर यादव राजा सिंघण. साधारण १२१० ते १२४७ हा त्याचा काळ. हा राजा तुम्हाला परका नाही. त्याचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख याच अंबाजोगाईत आहेत. त्याच सिंघणाच्या दरबारात हिशेबाच्या खात्याचा प्रमुख होता शार्ङ्गदेव. त्याचं घराणं मूळ काश्मीरचं, आजोबांच्या पिढीत दक्षिणेत आलेलं. दिवसा जमाखर्च बघणाऱ्या या माणसानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्यायांचा हा संस्कृत ग्रंथ. पुढं हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही पद्धतींच्या पंडितांनी तो आधार म्हणून मानला.

या ग्रंथातल्या स्वरांची, रागांची, तालांची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. आम्हाला तुमचं लक्ष वेधायचं आहे ते तिसऱ्या अध्यायाकडं, ज्याचं नाव प्रकीर्णक, म्हणजे किरकोळ, संकीर्ण विषय. इथं शार्ङ्गदेव व्यवहारात उतरतो. चांगला गायक कसा असावा, हे तो सांगतोच. पण गायकाचे पंचवीस दोषही मोजून देतो. दात आवळून गाणारा, घाबरत गाणारा, डोळे मिटून गाणारा, असे सगळे त्याच्या यादीत आहेत. ही यादी पुस्तकात बसून होत नाही. मैफली ऐकल्याशिवाय, माणसं जवळून पाहिल्याशिवाय अशी यादी करता येत नाही.

मग तो वृंदाकडं वळतो. वृंद म्हणजे आजच्या भाषेत संच, पार्टी. उत्तम गायनवृंदात किती माणसं हवीत, तर मुख्य गायक चार, त्यांच्या जोडीला गाणारे आठ, गायिका बारा, बासरीवाले चार आणि मृदंगवाले चार. आकडे सांगून तो थांबत नाही. वृंदाचे सहा गुण कोणते, तेही सांगतो. हे सहा गुण जरा ध्यानात ठेवा, कारण आजच्या व्याख्यानाचा कणा तोच आहे.

पहिला, मुख्यानुवृत्ती. म्हणजे जो मुख्य आहे त्याच्या मागं जायचं. दुसरा, मिलन, म्हणजे एकजीव होणं. तिसरा, तालात आणि लयीत बरोबर चालणं. चौथा आमचा आवडता, त्रुटितनिर्वाह. एकाचं कुठं तुटलं, श्वास संपला, शब्द गळला, तर दुसऱ्यानं ते सावरून न्यायचं, ऐकणाऱ्याला कळूही द्यायचं नाही. पाचवा, मंद्र, मध्य आणि तार या तिन्ही स्थानांत फिरण्याची ताकद. आणि सहावा, आवाजांचा सारखेपणा.

बघा, या सहांतला एकही गुण एकट्यानं खोलीत बसून कमावता येत नाही. शेजारी दुसरा माणूस लागतो. साथीदाराची विद्या म्हणजे काय, याची इतकी नेमकी व्याख्या आमच्या माहितीत दुसरी नाही, आणि ती आपल्या भागात, जवळजवळ आठशे वर्षांपूर्वी लिहिली गेली.

आता याच ग्रंथाच्या वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचं वर्णन येतं. एकच तार. तिला पडदे नाहीत. डाव्या हातात बांबूची एक कांडी धरायची, तिचं नाव कम्रिका, आणि ती तारेवरून सरकवत स्वर काढायचे. तारेवरून काहीतरी सरकवून मींड काढायची ही कल्पना आपल्याकडं किती जुनी आहे, ते यावरून कळतं. पुढं उत्तरेत विचित्रवीणा आणि दक्षिणेत गोट्टुवाद्य ही त्याच तत्त्वावरची वाद्यं झाली. म्हणून स्टील गिटार जेव्हा हिंदुस्थानात आली, तेव्हा आपल्या कानाला ती ओळखीची वाटली. वाद्य परदेशी होतं, पण मींड घरचीच होती.

आता समुद्र ओलांडून हवाई बेटांवर जाऊ. ओआहू बेटावरच्या लाइए गावात १८७४ साली जन्मलेला जोसेफ केकुकू हा मुलगा. शाळकरी वयात त्यानं गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून पाहिला, आणि त्यातून निघालेल्या आवाजाचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला, असं तिथं मानतात. याच श्रेयाचा आणखी एक दावा सांगितला जातो, तो गेब्रियल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या खलाशाचा. तोही १८८० च्या दशकात होनोलुलूत अशा तऱ्हेनं वाजवायचा, असं म्हणतात. हे श्रेय कुणाला द्यायचं यावर इतिहासकार वाद घालत बसतील. आपल्याला महत्त्वाचं एवढंच, की १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी अमेरिकेला अक्षरशः वेड लावलं, आणि तिथून हे वाद्य जगभर गेलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिला वीज मिळाली. बाजारात यश मिळवणारी पहिली इलेक्ट्रिक गिटार ही मांडीवर घेऊन वाजवायची स्टील गिटारच होती. तिचा आकार असा, की लोक तिला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तवा म्हणायचे.

हिंदुस्थानात हे वाद्य रुजलं ते आधी कलकत्त्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ताऊ मो हे हवाईचे वादक आपल्या कुटुंबासह तिथं मुक्कामाला होते. गार्नी निस यांचं 'अलोहा बॉइज' हे पथक तिथलंच. बंगालमध्ये रवींद्रसंगीत आणि सिनेमाची गाणी हवाईयन गिटारवर वाजवण्याची मोठी परंपरा तयार झाली. तिथून ती मुंबईच्या सिनेमात आली. व्हॅन शिप्ली हे लखनौचे. राज कपूरच्या १९४९ च्या 'बरसात'साठी त्यांनी वाजवलं. त्यांची आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार होती, आणि पुण्याचे अॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्याबरोबर त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. हजारा सिंग हे दुसरं मोठं नाव. तुमच्यातल्या ज्येष्ठांना रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये लागणारी वाद्यसंगीताची धून आठवत असेल. गाण्याचे शब्द नाहीत, पण शब्द ऐकू येतात असं वाटायचं. त्यातला तो रडवा, ओढलेला सूर पुष्कळदा या गिटारचा असायचा.

तिकडं अमेरिकेत या वाद्याला पाय फुटले. शब्दशः. चार पायांवर उभं टेबलासारखं वाद्य, दहा तारा, खाली पायानं दाबायचे पेडल, वर गुडघ्यांनी ढकलायचे दांडे. हीच पेडल स्टील गिटार. तिचं मर्म आपल्या सरगमात सांगतो. समजा तारा सा, ग, प अशा लावल्या आहेत. एका पेडलनं पंचमाची तार ताणली जाते आणि धैवत होते. दुसऱ्यानं गांधाराची तार मध्यम होते. दोन्ही एकदम दाबले की सा-ग-प चं म-ध-सा होतं. म्हणजे हात जागचा न हलवता आख्खा स्वरमेळ बदलला. आणि बदलताना एक तार स्थिर, दोन सरकताहेत, असा जो वळसा ऐकू येतो, तो दुसऱ्या कोणत्याही वाद्यावर नाही. १९५४ साली वेब पिअर्स यांचं 'स्लोली' हे गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्स यांनी हा वळसा वाजवला, आणि मग नॅशव्हिल शहरातल्या प्रत्येक स्टील वादकाला पेडल बसवून घ्यावे लागले.

आपल्याकडं रुळली ती बिनपेडलची. पण वाजवणाऱ्याला कमवाव्या लागणाऱ्या गोष्टी बऱ्याचशा त्याच. त्या कोणत्या, ते जरा बारकाईनं बघू, कारण 'साथीदाराची विद्या' हा शब्द हवेत राहता कामा नये.

पहिली गोष्ट, सूर. साध्या गिटारवर पडदा सूर देतो. बोट पडद्याच्या थोडं मागं पडलं तरी चालतं. स्टील गिटारवर पडदे म्हणजे नुसत्या खुणेच्या रेघा. लोखंडी कांडी रेघेच्या बरोबर वर हवी. बसण्याची जागा बदलली, मान वाकडी झाली, की नजर फसवते आणि सूर हलतो. म्हणून जाणता वादक डोळ्यांपेक्षा कानावर चालतो. दुसरी गोष्ट, आवाज थांबवणं. तारा मोकळ्या असतात, एक वाजवली की ती वाजतच राहते. नको असलेली तार तळहाताच्या कडेनं दाबून गप्प करावी लागते. शिकणाऱ्याची पहिली वर्षं स्वर काढण्यापेक्षा स्वर थांबवण्यात जातात. तिसरी, आवाजाचं पेडल. छेडलेला स्वर विरत जातो, तो पायानं हळूहळू उचलून धरायचा, म्हणजे गळ्यासारखा लांबतो. नवशिका हेच पेडल खालीवर हापसत बसतो आणि गाणं हिंदकळायला लागतं.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. गाणारा गात असताना वाजवायचं नाही. त्याची ओळ संपली, तो श्वास घेतोय, तेवढ्या फटीत आपलं बोलायचं आणि पुढचा शब्द येण्याआधी दार लावून घ्यायचं. नॅशव्हिलमध्ये तर असा रिवाज, की पहिल्या कडव्याच्या फटी स्टीलवाल्याच्या, दुसऱ्या कडव्याच्या फिडलवाल्याच्या. दोघांनी एका फटीत शिरायचं नाही. पाचवी, पट्टी. गायिकेचा गळा आज बसला, ती म्हणाली एक सूर खाली घ्या, तर तिथल्या तिथं सगळं उतरवता आलं पाहिजे. म्हणून नॅशव्हिलच्या वादकांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वरमेळांना नावाऐवजी आकडे द्यायला सुरुवात केली. एक, चार, पाच. पट्टी कोणतीही असो, आकडे तेच. आपल्याला याचं नवल वाटायला नको. आपला सा कायमच हलता आहे. काळी एक असो नाहीतर पांढरी चार, सा तो सा.

श्रोतेहो, या पाच गोष्टी शार्ङ्गदेवाच्या सहा गुणांशेजारी ठेवून बघा. मुख्याच्या मागं जाणं, एकजीव होणं, लयीत चालणं, तुटलेलं सावरणं. शब्द बदलले, काम तेच आहे.

मग मुंबईचा वादक हे शिकला कुठं? काही जण पाया बाहेरून घेऊन आले. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. माजोर्ड्याचे अंथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. त्यांच्याकडं राहुल देव बर्मन आणि प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 'अमर अकबर अँथनी'मधलं ते नाव याच गुरूला दिलेली मानवंदना आहे. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यलेखन करायचे. हे गोव्याचे लोक लिहिलेलं वाचायचे. दुसरीकडं सतार, सारंगी, ढोलकी वाजवणारे आपले वादक. त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी येत नसे, तर ते ऐकून भराभर सरगम टिपून घ्यायचे. वाचणारे आणि ऐकणारे एकाच दालनात बसायचे. स्टील गिटारवाल्याला दोन्हीकडं पाय ठेवावा लागे. लिहिलेला तुकडा वाचायचा, आणि मींड मात्र आपल्या कानानं घालायची, कारण ती कागदावर उतरत नाही.

खरी शाळा होती ती रेकॉर्डिंगची. ताडदेवचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब, परळचं राजकमल, ही नावं तुम्ही चित्रपटांच्या पाट्यांवर वाचली आहेत. तिथली पद्धत लक्षात घ्या. कित्येक वर्षं गायक आणि सगळे वादक एकाच वेळी वाजवत, एकाच पट्टीवर सगळं मुद्रित होई. चाळीस-पन्नास माणसांनी चार मिनिटं बिनचूक वाजवलं, आणि एकेचाळिसाव्याचा हात घसरला, की पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या आवाजाचं वाद्य माइकपासून लांब, हळू आवाजाचं जवळ. आपला आवाज किती ठेवायचा, हे शेजाऱ्याचा ऐकूनच ठरवायचं. सकाळी तुकडा हातात यायचा, दुपारपर्यंत तो मुद्रित व्हायचा.

अशा दालनात नवा वादक मागच्या रांगेत बसायचा. जाणत्याच्या शेजारी. जाणता काही शिकवत नसे. एखाद्या वेळी भुवई उचलायचा, एखाद्या वेळी हातानं 'थांब' म्हणायचा. दत्ताराम वाडकर यांचंच उदाहरण घ्या. शंकर-जयकिशनच्या ताफ्यात तालवाद्यांची बाजू सांभाळता सांभाळता त्यांनी असा एक ठेका रूढ केला, की आजही वादक त्याला 'दत्ताराम ठेका' म्हणतात. हा ठेका काही कोणत्या अभ्यासक्रमात तयार झाला नाही. काम करता करता झाला. या वादकांनी १९५० च्या दशकात आपली संघटना उभी केली, कामाचे दर ठरवून घेतले. पण तबकडीवर त्यांची नावं छापली गेली नाहीत. गाणं घराघरांत पोचलं आणि वाजवणारा अनामिक राहिला. ज्याचं नावच नोंदलेलं नाही, त्याची विद्या पुढच्या पिढीनं कुणाच्या नावानं शोधायची?

आता आपण आपल्या जिल्ह्यात परत येऊ. कारण मुंबईच्या दालनासारखी एक शाळा इथं आधीपासून आहे, आणि तिला आपण शाळा म्हणत नाही. ती म्हणजे सप्ताह.

अखंड हरिनाम सप्ताहातल्या मृदंगाच्या पोराचा दिवस डोळ्यांपुढं आणा. पहाटे काकडा. दिवसा पारायण. संध्याकाळी हरिपाठ. रात्री कीर्तन. त्यानंतर जागर. असे सात दिवस, आणि मग काल्याचं कीर्तन. रोज कीर्तनकार वेगळा. एकाची पट्टी उंच, दुसऱ्याची खाली. एक संथ चालीनं उचलतो, दुसऱ्याला सुरुवातीपासूनच घाई. मृदंगाचार्य आधी उजव्या पुडीच्या गजऱ्यावर हातोडीनं ठोकून सूर लावून घेतो, डाव्या पुडीवर ताजी कणीक चढवतो, आणि बसतो. निरूपण चालू असताना त्याचे हात मांडीवर, कान मात्र कीर्तनकाराच्या शब्दावर. बोलता बोलता बुवांनी प्रमाण म्हणून एखादा अभंग उचलला, गायनाचार्यांनी तो झेलला, की त्याच क्षणी मृदंगाची थाप पडली पाहिजे. एक मात्रा उशीर झाला तर सगळा मंडप खाली येतो. आणि बुवांनी हात वर केला, की तोडून थांबता आलं पाहिजे. गाणाऱ्याच्या फटीत बोलणं आणि तो बोलायला लागला की गप्प होणं, हे नॅशव्हिलच्या स्टीलवाल्याचंच काम झालं की!

या शिक्षणाला गेल्या शतकात एक चौकट मिळाली. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा क्रम. आपल्या नेकनूरला ज्यांचा मठ आहे ते बंकटस्वामी या परंपरेतले थोर पुरुष. इथून किती मुलं आळंदीला गेली आणि गळ्यात मृदंग घालून परतली, ते तुम्ही गावागावांत पाहताच. आणि आपल्याच तालुक्यातलं आपेगाव. पैठणजवळचं ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं आपेगाव वेगळं, आणि हे वेगळं. इथले शंकरबापू आपेगावकर पखवाजवादनासाठी १९८६ साली पद्मश्रीनं गौरवले गेले. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू ती परंपरा पुढं चालवतात. वारकऱ्याचा मृदंग आणि मैफलीतला पखवाज यांच्यामध्ये भिंत नाही, हे आपेगावनं दाखवून दिलं. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा ज्याच्या हातात मुरल्या, तोच हात चौतालाच्या बारा आणि धमाराच्या चौदा मात्रांकडं गेला. साताऱ्याकडच्या बावधनचे नाना पानसे एकोणिसाव्या शतकात इंदूर दरबारी पोचले आणि पखवाजाचं मोठं घराणं त्यांच्या नावानं उभं राहिलं, तेव्हापासून महाराष्ट्रात हा रस्ता मोकळा आहे.

पण इतिहास सांगताना नुसती गोड बाजू सांगून चालणार नाही. याच गावांत हलगी होती, सनई होती, संबळ होता. हलगीवाल्याला मिरवणुकीत चालता चालता लय धरावी लागते, घोडा नाचला तर लय चढवावी लागते, कुस्तीच्या फडात डाव रंगला की हात बदलावा लागतो. शार्ङ्गदेवाचे गुण तिथंही मोजता येतील. तरीही त्याला कुणी विद्या म्हटलं नाही. ते गावकीचं काम ठरलं, जातीवर लादलेलं, धान्याच्या पसाभर मोबदल्यावर, नाही म्हणायची सोय नसलेलं. आंबेडकरी चळवळीनंतर अनेक घरांनी असं सक्तीचं वाजवणं टाकून दिलं. ते योग्यच होतं. ज्या विद्येबरोबर गुलामी येते, ती विद्या सांभाळण्याचा उपदेश करण्याचा अधिकार बाकीच्यांना नाही. मुंबईच्या रेकॉर्डिंगच्या दालनाचं एक मोल इथं कळतं. तिथं गोव्याचा ख्रिस्ती, लखनौचा, पंजाबचा, कोकणातला, असे सगळे शेजारी बसत आणि कामाचा दर ठरलेला असे. साथीदाराची विद्या टिकायची असेल तर तिला मान आणि दाम दोन्ही लागतात, हा धडा दोन्ही ठिकाणांहून मिळतो.

आता शेवटच्या भागाकडं येतो.

रेकॉर्डिंगच्या तंत्रात बदल झाला. आधी अनेक पट्ट्या आल्या. प्रत्येकानं आपापल्या वेळेला येऊन, कानाला हेडफोन लावून, आपला तुकडा वाजवून जायचं. मग सिंथेसायझर आला, संगणक आला. १९९० च्या दशकात मोठे ताफे मोडत गेले. चूक दुरुस्त करणं सोपं झालं, खर्च वाचला, हे सगळं खरं. पण मागच्या रांगेत बसून भुवईवरून शिकणारा पोरगा आता कुठं बसणार? मागची रांगच राहिली नाही. वाद्य नाहीसं झालं नाही. उलट आपल्या मंचावर त्याला मोठी जागा मिळाली. ब्रिजभूषण काबरा यांनी १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ही गिटार राग वाजवण्यासाठी वापरली. विश्वमोहन भट्ट यांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं. म्हणजे एकल कलावंत उंच गेला. साथीदाराची शाळा मात्र बंद झाली. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि टाळ्यांच्या आवाजात दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही.

आपल्या जिल्ह्यात बघा. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कुटुंबं उसतोडीला जातात, पाडव्याच्या सुमाराला गावं पुन्हा भरतात. मग जत्रा, सप्ते, लग्नसराई. या दोन-तीन महिन्यांत वाजवणाऱ्याची कमाई व्हायची आणि त्याच्याबरोबरच्या पोराचं शिक्षणही. बँडवाल्याच्या मागं झांज धरून चालणारा पोरगा चार हंगामांत ट्रम्पेट उचलायचा. बेंजो पार्टीत वायर गुंडाळणारा पोरगा बेंजोवर बसायचा. हा बेंजोसुद्धा मूळचा जपानचा, १९१२ साली नागोया शहरात तयार झालेल्या वाद्याचा वंशज. आपल्या लोकांनी त्याला वीज जोडली आणि वरातीत आणलं. आता वरातीपुढं डीजेची गाडी असते. गाडीला साथीदार लागत नाही.

मुलं शिकत नाहीत असं नाही. संगीताच्या परीक्षांना बसतात, विशारद होतात. परीक्षा चांगलीच आहे, त्यातून शिस्त लागते. पण तिचा मोठा भाग स्वतंत्र वादनाचा आणि लेखी उत्तरांचा. गायकानं अचानक पट्टी बदलली तर काय करशील, कडवं विसरला तर कसं सावरशील, हे तिथं कळत नाही, कारण तिथं गळा विसरणारा गायकच नसतो. मग मुलगा प्रमाणपत्र घेऊन कीर्तनाला बसतो आणि पहिल्या अभंगाला गोंधळतो. मोबाइलवर बघून शिकणाऱ्याचं तेच. पडद्यावरचा गायक कधीच चुकत नाही, म्हणून सावरण्याची सवय लागत नाही.

यावर उपाय मोठा नाही आणि खर्चिकही नाही. तीन गोष्टी सुचवतो. एक, सप्ताहाच्या पत्रिकेत कीर्तनकारांच्या नावांखाली मृदंगाचार्य, गायनाचार्य, पेटीवादक यांची नावं त्याच आकाराच्या अक्षरात छापा, आणि त्यांचं मानधन हातावर टेकवण्याऐवजी आधी ठरवा. दोन, प्रत्येक जाणत्या वादकाशेजारी एक शिकणारा बसवा. दुसरा मृदंग ठेवायला जागा लागते ती हातभर. हरिपाठाला त्याला वाजवू द्या. चुकला तर सावरणारा शेजारी आहेच. तीन, जुन्या वादकांना बोलतं करा. त्यांनी काय वाजवलं हे ध्वनिमुद्रणात असतं, पण कुठं थांबायचं हे त्यांनी कसं ओळखलं, ते त्यांच्या तोंडूनच ऐकावं लागेल. हलगीवाल्यापासून बँडमास्तरपर्यंत सगळे या यादीत हवेत. हे लिहून ठेवणं हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांचं काम आहे, आणि इथल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी ते हाती घेतलं तर आम्ही त्यांच्या बरोबर बसायला तयार आहोत.

देवगिरीच्या त्या हिशेबनिसानं राज्याच्या जमाखर्चाच्या किती वह्या लिहिल्या असतील कोण जाणे. त्यातलं काही उरलं नाही. पण दुसऱ्याचं तुटलेलं सावरून नेणं हा गुण आहे, असं त्यानं लिहून ठेवलं, म्हणून आज आपण त्याच्याबद्दल बोलू शकलो. त्याच्या यादीत पुढची नोंद करायची पाळी आता आपली आहे.

 आता प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि सभागृहात कुणी साथ करणारे वादक बसले असतील, तर आधी त्यांना बोलू द्या.